ओटीतला घेवडा

माय,

वेलींसाठी बांबूचा मांडव. शेंगा वाळवायची खाट, जिची वीण मनासारखी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उसवली. दाणे निवडायची चाळणी, जुन्या कूलरच्या जाळीची. आणि बी ठेवायची शेणामातीची कोठी. हे सगळं मी या हातांनी केलं, कोणी शिकवलं नाही. जळालेल्या पंपांच्या मोटारींत तार भरायचा माझा धंदा, तो तरी कोणी शिकवला होता? तुझा घेवडा आता अख्खा मांडव झाकतो. पिवळा, तांबडा, ठिपक्यांचा, मी वेगवेगळा ठेवतो. तू सगळा एकत्र ठेवायचीस, ते मला कधी पटलं नाही. आज एक व्यापारी येऊन गेला. त्याला हे सगळं बी हवं होतं, एकट्याला. त्याला काय म्हणालो ते सांगतो, पण ओळीने.

गुऱ्हाळावरचा तो दिवस आठवतो. दाणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचे, ही तुझी पद्धत मला सरपणाची नासाडी वाटायची. मी मडकं चुलाणाशेजारच्या गरम राखेत पुरलं. संध्याकाळी दाणे मऊ लागले, मी ऐटीत सगळ्यांना वाढले. दोनेक तासांत गूळ ढवळणारे, मोळ्या वाहणारे, सगळे उसाच्या फडात पळाले, आणि त्यांच्या मागोमाग मी. तू आलीस, एक दाणा बोटांत चिरडून पाहिलास. "राखमा शिजाडं? घेवडाले उकळी लागस, भाऊ. नही ते तो पोटमा उकळस." एवढं बोलून तूच पदर तोंडाला लावून हसत सुटलीस.

तुझं स्वयंपाकघर मात्र निम्मं दवाखानाच. शेजारची मामी उंबऱ्यावर बसली आहे, पाय सुजलेले. तू सुक्या शेंगांची टरफलं उकळून, गाळून, पेला तिच्या हाती देतेस आणि दटावतेस, डॉक्टरची गोळी सोडलीस तर काढाही बंद. मामी तोंड वाकडं करून म्हणते, "तुन्हा काढापेक्षा तुन्ही आमटी बरी शे, बाई." मग आमटीही मिळते, लसूण आणि लाल मिरचीची. अंगाला खाज सुटली की शिजवून वाळवलेल्या दाण्यांच्या पिठाचा लेप. त्याने खरंच गुण येतो का, असं मी एकदा खोदून विचारलं. तू म्हणालीस, गार वाटतं, तेवढं पुरे.

आणि ओटी. गल्लीतली कुठलीही पोरगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदळासोबत तुझा ओंजळभर घेवडा. कोणी पैसे पुढे केले की तुझं ठरलेलं, "बी इकानं नही, वाटानं." तू गेल्यावर ओंजळ तुझी सून घालते. मला वाटायचं, निवडून ठेवलेलं बी असं उधळतात का? मग एका वर्षी माझ्या कोठीला भुंगा लागला. तिन्ही रंगांचं पीठ झालं, पेरायला एक दाणा नाही. तुझ्या सुनेने सासरी गेलेल्या पोरींना निरोप धाडले. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, त्या माहेरी आल्या, कोणी अक्कलकुव्याहून, कोणी नवापूरकडून, प्रत्येकीच्या पिशवीत घेवड्याची पुरचुंडी. अंगणात चादर अंथरली, सगळं तिच्यावर ओतलं, तिन्ही रंग एकत्र. मी लगेच निवडायला बसलो, तशी एक जण झोक्यावरून म्हणाली, "दादा, तुन्ही कोठीपेक्षा आम्हनी ओटी मोठी शे." सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण निवडायचं थांबवलं नाही.

तर तो व्यापारी. टरफलांची भुकटी करून डबीवर 'शुगर मुळापासून जाते' असं छापणार म्हणाला. बी फक्त त्याच्याकडे राहिलं पाहिजे, ही त्याची अट. मी विचारलं, मग ओटीत काय घालायचं? तो म्हणाला, नुसते तांदूळ चालतात की.

मी नाही म्हणालो. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकतो: नाही म्हणायच्या आधी मी त्याला दुसरा चहा पाजला, आकडा त्याच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायचा होता. सगळं बी, आणि यापुढे कोणालाही एक ओंजळ न देण्याची माझी सही, याचे एक लाख दहा हजार रुपये.