दहा टीममध्ये नववे

३ ऑगस्ट, रविवार
अमेरिकन फुटबॉलच्या सीझनआधीची यादी आली. दहा कॉलेजं, आमचं नववं.
गेल्या वर्षी सहावे होते. लंचला मोबाईलवर वाचलं, दोनदा. सीझन सुरू व्हायला चार आठवडे आहेत, अजून एक चेंडू उडालेला नाही, आणि हा लिहिणारा आम्हाला नववं करून मोकळा. प्रत्येक कॉलेजवर एकेक परिच्छेद. आमच्यावरच्या परिच्छेदाचा शेवट असा: बाकी सगळं जमलं तरी किकर तोच राहिला, तर ही टीम हातातोंडाशी आलेल्या मॅचेस घालवणार.
किकर म्हणजे आमचा मुलगा झैद. नाव लिहिलेलं नाही. ते बरं की वाईट, ठरवता आलं नाही.
डबा तसाच परत आणला. नसीमाने हातात घेऊन जोखला.

४ ऑगस्ट
डेल साहेबांना यादी दाखवली. आमच्या दोहाच्या साइट-ऑफिसातले एकुलते एक अमेरिकन, प्लॅनिंगला आहेत. हा खेळ मला त्यांनीच शिकवला, नाहीतर मला फुटबॉल म्हणजे आपला साधा फुटबॉलच. म्हणाले, "ऑगस्टमधल्या रँकिंगला काही अर्थ नसतो ब्रदर. मी दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी चिडतो."
त्यांचं कॉलेज सगळ्या देशात पहिल्या पाचात. त्यांना चिडायला परवडतं. आमच्या लहान कॉलेजांच्या गटाकडे त्या मोठ्या यादीवाले ढुंकूनही बघत नाहीत.
तीन तास बाकीचे एकमेकांना ढकलतात. झै. चार सेकंदांसाठी आत येतो, दोन खांबांच्या मधून चेंडू मारतो, परत बाकावर. गेला तर तीन गुण. नाही गेला तर अख्खी मॅच त्याच्या नावावर.
नोव्हेंबरातली शेवटची मॅच तशीच गेली. दोन गुणांनी. चेंडू उजव्या खांबाला लागून बाहेर. सोपा होता म्हणे.

५ ऑगस्ट, मंगळ
बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पला गेलो, कामगारांच्या कागदांवर सह्या घ्यायला. ४७ डिग्री, गाडीचं स्टिअरिंग धरवेना. कॅम्पचा सुपरवायझर केरळचा. चहा देत म्हणाला, "भाई, लडका अमेरिका में फुटबॉल खेलता है ना? गोल कितने मारे?"
काय सांगणार. म्हटलं, "मारता है."

७ ऑगस्ट, गुरु
झै.चा फोन. चार मिनिटं.
"प्रॅक्टिस कशी?"
"गुड."
"नवीन किकर आलाय म्हणतात. मोठ्या कॉलेजातून."
"कोल. हो. ही'ज नाइस."
"तुझ्यापेक्षा लांब मारतो?"
"अब्बा, यू आर रीडिंग द प्रिव्ह्यूज अगेन?"
मी म्हटलं नाही.
मग न.ने फोन घेतला आणि पंधरा मिनिटं बोलली. काय जेवतोस, रूममध्ये कोण, तो टायलर कसा आहे, त्याची आई बरी झाली का. टायलर म्हणजे रूममेट, टीममध्येही आहे. तिच्याशी हसत होता. फोन ठेवून मला म्हणते, "पोराला जेवायला मिलतं का ता विचारा. नंबर काय करायचेत?"

८ ऑगस्ट, शुक्र
जुम्मा करून आलो, जेवलो, झोप नाही. वहीच्या मागच्या पानावर माझी स्वतःची यादी केली. दहाही परिच्छेद नीट वाचून. नावं पाठ होत नाहीत, जर्सीवरून ओळखतो. पिवळे, घोडेवाले, दोन निळे (लहान निळे, मोठे निळे), अस्वलवाले वगैरे. आमचे तिसरे लावले.
मग प्रामाणिकपणे परत बघितलं. घोडेवाल्यांचे सगळे जुने खेळाडू टिकलेत. मोठ्या निळ्यांना नवा कोच. आमचे चार चांगले पोरगे पास होऊन गेले. पाचवे. संध्याकाळपर्यंत सातवे.
जितकं जास्त समजतं तितके आम्ही खाली जातो.
न.चं शिक्षण उर्दूत, पोरांचं इंग्रजीत. ही वही टेबलावर उघडी राहिली तरी कुणाला वाचता येत नाही. मराठी शाळेत घातल्याबद्दल वडिलांशी भांडलो होतो एकेकाळी.

११ ऑगस्ट, सोम
आज एक गोष्ट कळली.
नोव्हेंबरातल्या त्या किकचा व्हिडिओ डेल साहेबांना दाखवला. मी तो शंभरदा बघितलाय, पण मी झै.च्या पायाकडे बघतो. त्यांनी थांबवून थांबवून बघितला. म्हणाले, "पाय बघू नकोस. चेंडू बघ. धरणाऱ्याचा हात बघ."
किकच्या वेळी एक जण गुडघ्यावर बसून चेंडू उभा धरतो. चेंडूची शिवण खांबांकडे फिरवायची असते, किकरकडे नाही. इथे शिवण झै.कडे होती. पायाला शिवण लागली की चेंडू वाकडा जातो.
"चूक तुझ्या मुलाची नाही. निदान सगळी नाही," असं म्हणून ते मीटिंगला गेले.
मी जागेवरच बसलो. नऊ महिने पोरगा शिव्या खातोय.

१२ ऑगस्ट, मंगळ
त्या यादीखाली लोकांच्या कॉमेंट वाढल्यात. एक जण म्हणतो, तो किकर परत दिसला तर मी टीव्ही बंद करीन. दुसरा, त्याला जिथून आला तिथे पाठवा. त्याला सत्तावन्न लाइक.
मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा असं कुठे लिहिलं. नाव दिलं दोहा फॅन. इंग्रजी तीनदा तपासलं. लिहिलं की चेंडू धरणाऱ्याने शिवण चुकीच्या बाजूला ठेवली, व्हिडिओ नीट बघा, सेकंदासकट वेळ दिली. विनाकारण एका मुलाला दोष देऊ नये.
पाठवल्यावर हलकं वाटलं. घरी जाताना कोपऱ्यावर करक चहा घेतला, उभ्या उभ्या प्यायलो. न. म्हणाली, आज खूष दिसताय.

१४ ऑगस्ट, गुरु
आफियाने दाखवलं. धाकटी, चौदा वर्षांची, असलं सगळं तिच्याकडे आधी येतं. माझ्या कॉमेंटचा फोटो काढून कुणीतरी सगळीकडे फिरवलाय. खाली लिहिलंय, दोहा फॅन कोण असेल बरं? टीममध्ये दोहाचा एकच. हसणारे चेहरे, शंभर-दोनशे.
"अब्बा, इज धिस यू?"
हो म्हटलं.
"ओ माय गॉड, अब्बा." तिच्या डोळ्यांत पाणी. "डू यू नो हू द होल्डर इज?"
मला माहीत नव्हतं. नाव बघायचं सुचलंच नव्हतं. मी फक्त हात बघितला होता.
टायलर.

१५ ऑगस्ट, शुक्र
कॉमेंट काढून टाकली. फोटो फिरतोच आहे.
अडीच वाजता झै.चा फोन. तिकडे सकाळचे साडेसहा. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही.
"आय न्यू, अब्बा."
"काय?"
"शिवण. मला तेव्हाच कळलं होतं. पाय लागला तेव्हाच."
"मग बोलला का नाहीस रे? एवढे महिने?"
"त्याची आई हॉस्पिटलमध्ये होती त्या आठवड्यात. तो झोपलाच नव्हता. आय वॉज नॉट गोइंग टू से इट. एव्हर."
कुठून आला हा पोरगा, माझ्या घरात वाढला तरी मला माहीत नाही. आणि मी त्याचं काय केलं.
म्हटलं, टायलरला मी पत्र लिहितो. माफी मागतो. कोचला ईमेल करतो.
"नो. अब्बा, प्लीज. काही करू नका. नथिंग. तेवढंच करा."

१६ ऑगस्ट
न.ला सगळं सांगितलं. मला वाटलं तीही चिडेल. ती चादरींच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "टायलरच्या आईला काय वाटलं असेल?"
हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळ
झै.चा फोन नाही. मेसेज केला, ब्लू टिक आली, उत्तर नाही. न.ला रोज एक मेसेज असतो. आय एम फाइन. ती मला तो दाखवते. मी वाचतो.
टायलर दुसऱ्या रूमवर राहायला गेला. हे आफियाकडून.
बिरकतला सुपरवायझरने आज काही विचारलं नाही, मीच थांबलो. कॅम्पच्या मागे खडीवर नेपाळी पोरं खेळत होती, ऊन उतरल्यावर. एकाने चेंडू फार लांब मारला, भिंतीपलीकडे. बाकीचे त्याच्यावर ओरडले, मग सगळेच आणायला पळाले.

२१ ऑगस्ट, गुरु
यादी सुधारून परत आली. आमचे नववेच. पण परिच्छेद बदलला. आता लिहिलंय की किकर आणि होल्डर यांच्यात बेबनाव असल्याची चर्चा आहे.
तो बेबनाव माझा. इथे दोहात, ऑफिसात बसून मी केलेला, आता छापून आला.
डेल साहेब स्वतःहून आले. म्हणाले, "मी तुला ते दाखवायला नको होतं." मी म्हटलं, तुम्ही दाखवलंत, लिहिलं मी. त्यांचाही एक मुलगा आहे, पोर्टलंडकडे कुठेतरी. दोन वर्षं बोलणं नाही, असं जाता जाता सांगितलं. हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्र
मागच्या पानावरची माझी यादी काढली. आमच्या नावापुढे आता कुठला आकडा लिहायचा. एक मुलगा चेंडू धरणार, दुसरा मारणार, आणि दोघे बोलत नाहीत. हे त्या दहा परिच्छेदांत कुठल्या रकान्यात मोजतात?
पान तसंच ठेवलं.

२५ ऑगस्ट, सोम
डेप्थ चार्ट आला. म्हणजे प्रत्येक जागेवर पहिला कोण, राखीव कोण, याची कोचने लावलेली यादी.
किकर: झैद ऑर कोल.
होल्डर: टायलर. त्याच्यापुढे ऑर नाही.
डेल साहेबांना विचारलं, या ऑरचा अर्थ काय. "कोचने ठरवलेलं नाही. किंवा ठरवलंय आणि सांगितलेलं नाही." मी म्हटलं, माझ्या त्या कॉमेंटमुळे असेल का. ते म्हणाले नाही. फार लगेच म्हणाले.
न.ला सांगितलं तर म्हणते, "नाव पयला त्याचंच हाय ना?" हो म्हटलं. आहे पहिलं.
ए-बी-सीप्रमाणे लावलं असतं तर कोल आधी आला असता. हा हिशेब मी दिवसभरात किती वेळा केला.

२८ ऑगस्ट, गुरु
झै.चा मेसेज. मला. तेरा दिवसांनी.
"मॅच सॅटरडे. युअर टाइम ८ पीएम."
एवढंच. बघा असं नाही, बघू नका असं नाही. मी लिहिलं, इन्शाल्ला. मग पुढे खूप लिहिलं आणि पुसलं. मग परत लिहिलं, जेवलास का. अंगठा आला.

३० ऑगस्ट, शनि
सकाळपासून घर आवरलं. टीव्हीला लॅपटॉपची वायर लावून बघितली, चालते. न.ने वड्यांचं पीठ भिजवलं, सागुती केली, ईदेसारखं. आफियाने कुठून तरी आमच्या कॉलेजच्या रंगाचा टीशर्ट काढला.
सहाला फोन वाजला. झै. स्टेडियममध्ये होता, मागे ढोल-बाजा, त्याचा आवाज त्यात बारीक. तिकडे सकाळचे दहा.
"अब्बा."
"बोल बेटा."
"आज बघू नका."
मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.
"प्लीज. आज फक्त. मला माहीत असलं की तुम्ही बघताय, तर आय कान्ट... मी तुमचाच विचार करतो. चेंडूचा नाही. समजलं?"
समजलं म्हटलं. कोण खेळणार ते विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.
"टायलर कसा आहे?" एवढं विचारलं.
"इथेच आहे. शूज घालतोय. वी टॉक्ड. अ लिटल."
"काय बोललात?"
"अब्बा."
"बरं. बरं. नाही विचारत."
"प्रॉमिस करा."
केलं.
फोन ठेवल्यावर वायर काढली, गुंडाळून कपाटात टाकली. न.ला ऐकू गेलं असणार. आफिया म्हणाली, मला तर नाही ना सांगितलं त्याने. लॅपटॉप घेऊन खोलीत गेली, दार लावलं.

आठ वाजून दहा. नमाज झाली. वडे खाल्ले, दोन. न. समोर बसलीय, हातात तसबीहची माळ, ओठ हलतायत.
आठ पन्नास. खोलीतून कॉमेंट्रीची नुसती गुणगुण येते, शब्द नाही. मोबाईल मी स्वयंपाकघरात ठेवून आलो.
नऊ वाजून गेले.
आत्ता आफिया ओरडली. एकदाच, जोरात. खुशीने की कशाने, दारातून कळेना. मग एकदम शांत.
न. म्हणाली, "जाव बघा ना."
मी म्हटलं, "नाही. त्याला कबूल केलंय."
ती उठली, दारापर्यंत गेली, हात हँडलवर ठेवला, आणि माझ्याकडे बघत तशीच उभी आहे.