काढून नवे बसवले

३ ऑक्टोबर १९८३

आजपासून मी विमानवाला! आईने गारगोटीच्या बाजारात एवढ्यांना सांगितलंय की विमान मीच चालवतो अशी आवई उठली असणार. चालवायचं लांबच राहिलं, मी कोल्हापुरात एका छोट्या खाजगी विमान कंपनीत दुरुस्तीच्या नोंदींचा कारकून. कंपनीचं एकच विमान, मुंबईला जातं नि येतं. मेकॅनिक जे काम करतील ते वहीत उतरवायचं, खाली त्यांची सही घ्यायची. विमानाचा जो भाग काढतील त्याला पिवळी चिठ्ठी बांधायची. हेड मेकॅनिक हंबीररावांनी माझं अक्षर बघितलं आणि म्हणाले, पावणं, हितं एवढंच लागतंय. मला हसू आलं.

६ ऑक्टोबर

आता हसू येत नाही. इथं सही आधी, काम सवडीनं. फिटर इलाहीने आज 'चाकाचे दोन बोल्ट काढून नवे बसवले' असं लिहून घेतलं. नवे बोल्ट तर अजून स्टोअरमध्ये पडलेत. मी अडवलं, तर लिव्हा की, बसवतो उद्या, म्हणाला. विमान त्याच बोल्टांवर उडालं. त्यात लेकुरवाळी माणसं बसलेली मी पाहिली होती. लाज वाटली स्वतःची.

७ ऑक्टोबर

इलाहीची दोन बोटं गेली. दुपारी जेवण करून तो चाकापाशी आडवा झाला होता. किंकाळी ऐकून धावलो. बोटं तुटली नव्हती, पेच फिरवून काढावीत तशी मुळापासून निघाली होती. त्यांच्या जागी मांसात दोन नवे कोरे बोल्ट घट्ट पिळलेले. बोटं ट्रेमध्ये नीट ठेवलेली, पिवळी चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर इलाहीचीच सही. हंबीरराव म्हणाले, इमानाच्या पंख्यात हात घातला असंल गड्यानं. पंखा सकाळपासून बंद होता.

११ ऑक्टोबर

हंबीररावांनी विमानाच्या डाव्या पंखातली तार काढून नवी बसवल्याचं लिहायला लावलं. जुनीच आहे, मी बघून आलो होतो. मी त्यांच्या पाया पडलो, इलाहीची आठवण दिली. भ्यालास व्हय रं, म्हणाले, आणि सही ठोकली.

१२ ऑक्टोबर

दुपारीच. माझ्यासमोर. त्यांच्याजवळ कुणीही नव्हतं. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत शिवण उसवावी तसा उसवत गेला. शिरा एकेक करून बाहेर ओढल्या गेल्या आणि चकचकीत तार आत सरकत राहिली. हंबीरराव शेवटपर्यंत शुद्धीवर होते. शिरांचं वेटोळं, वर पिवळी चिठ्ठी.

आता कळलं. खोटी नोंद दुसऱ्या दुपारी खरी होते. सही करणाऱ्याच्या अंगावर.

१४ ऑक्टोबर

मुंबईहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. इंजिनाचं तेल बदलल्याची नोंद आजच पाहिजे, नाहीतर विमान बंद आणि मी घरी. हंबीरराव गेले, इलाही दवाखान्यात, म्हणून सही माझी. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दारू कमी पीत जा. आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

सही केली. 'जुने तेल काढून नवे भरले.'

विमान उद्या सकाळी येतंय. इलाहीला तेल बदलताना मी बघितलंय. खालचं बूच उघडायचं, जुनं सोडायचं, नवं ओतायचं. दुपारच्या आत काम केलं की सही खोटी राहत नाही. जमेल. जमायलाच पाहिजे.

१५ ऑक्टोबर, सकाळ

आज खंडेनवमी. गारगोटीचा असून मी खंडेनवमी विसरलो! सगळे पाने, हातोडे पूजेला मांडलेत. हळदकुंकू, झेंडू. विमानापुढे बकरं कापलं, पंख्याच्या पात्यांवर रक्त शिंपडलं. पाना मागितला तर स्टोअरवाले आकाराम खवळले. उद्या सोनं लुटल्याशिवाय हत्याराला हात लावलास तर हात मोडून ठेवीन म्हणाले. उद्या. मला आजची दुपार—

विमानाखाली

पूजेतला पाना उचलला. चौघांनी मला धरलं, लाथा घातल्या. दात पडले. मी पाना आकारामांच्या कपाळात घातला. परत घातला. परत— ते हलत नाहीत. बाकीचे पळाले. देवा, मी हे काय—

बूच निघत नाही. पाना रक्ताने सटकतोय. दोन्ही हातांनी— नाही—

उन्हं कलली

टाचेत काहीतरी फिरलं. गोल. बूच उघडावं तसं.

रक्त थांबत नाही. खाली तेलाचं घमेलं कुणी सरकवलं? भरत आलं. चिठ्ठी बांधलेली. सही माझी.

काढून झालं. आता मरेन वाटलं. मरत नाही. मरू देत नाही. नोंद अजून अर्धीच—

नव्या तेलाचा डबा उघडला. आपोआप. उकळतंय ते. जबडा धरलाय माझा— आई— भर—