सायकलच्या सीटचं दुखणं

९ जानेवारी १९६१, फुलसावंगी
सकाळी तांड्यावर. जाऊन येऊन आठ मैल. बाळंतीण बरी, मुलगी, रडणं खणखणीत. येताना नाल्याच्या चढावर उतरले ती पुन्हा बसलेच नाही. सायकल हातात धरून चालत आले. वाटेत एक गाडीवान म्हणाला, "काहून चालून राह्यल्या बाई? पंचर झाली का?" हो म्हटलं. या महिन्यातलं हे तिसरं पंक्चर. एकही खरं नाही.
घरी कडी लावून हातआरशात पाहिलं. दोन्हीकडे सोललंय, पुढे सूज. नर्स मीच, पेशंटही मीच. बोरिक लावून पालथी पडले.
सायकल दवाखान्याची. दिवाळीनंतर मिळाली. बायकांची आहे, आडवा दांडा नाही. पण सीट पुरुषी. लांब, अरुंद, चामड्याची, मधे बसलेली आणि टोक वर आलेलं. सगळा भार त्या टोकावर. तिथेच.

१२ जाने.
यांचं पत्र यवतमाळहून. कचेरीत काम फार. सा.बाईंचा गुडघा. मग शेवटी, "आईचं म्हणणं असं, की सायकलवर बसणाऱ्या बाईची कूस उजवत नाही. मी मानत नाही, पण तू विचार कर."
लग्नाला पाच वर्षं. एकदा राहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा कुठली सायकल? स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, भाकरी थापत. ते कुणी काढत नाही.
उत्तर लिहिलं नाही.

१६ जाने.
केंद्रावर महिन्याची मीटिंग. सगळ्या उठल्यावर धीर करून डॉक्टरसाहेबांना म्हटलं, सायकलचा त्रास होतो.
"कसला त्रास?"
कंपाउंडर तिथेच, औषधाची पेटी घ्यायला आलेले दोघंही तिथेच. तोंडातून निघालं, पाठ.
"मग लिहून द्या. सायकल चालवणं जमत नाही म्हणून. मी वर पाठवतो, ते दुसरी बाई देतील."
आणि मी?
"तुम्हाला काय, मिस्टर आहेत यवतमाळला."
कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. दौतही. मी म्हटलं, नको साहेब, पाठ आता बरी आहे.
लिहिलं तर यवतमाळ. चूल, न्हाणी, सा.बाईंची नजर, आणि संध्याकाळी फाटकापर्यंत. नाही लिहिलं तर ही सीट. दोन्हीच्या मधे जागा आहे का कुठे, रस्ताभर तेच डोक्यात. रस्ताभर उभ्यानेच पायडल.

२१ जाने.
गोधडीचा तुकडा चौपदरी करून बांधला. दोन मैलांत सरकला. आत घाम, घामाने आणखी.

२४ जाने.
करीमभाईंच्या दुकानात गेले. बसथांब्याजवळ, गावात सायकलवाले तेवढेच. म्हटलं, सीटचं टोक खाली करा.
"कितना, बाई?"
जरासं.
त्यांनी वर पाहिलं नाही. नट सैल केला, टोक दाबलं, आवळला. काही विचारलं नाही त्याबद्दल मनात आभार.

२८ जाने.
टोक खाली केल्यापासून खाली जरा बरं. पण सारखी पुढे घसरते, सगळा जोर मनगटांवर. आज वस्तीवर बाळंतपण. नाळ बांधायला घेतली तर बोटांना दोरा कळेना. मुंग्या. दोनदा सुटला. बाळंतिणीची सासू माझ्या हातांकडेच बघत होती. शेवटी दातांनी टोक धरून गाठ मारली. नर्स असून.
टोक परत वर. दुसरं काय.

२ फेब्रुवारी
करीमभाईंनी पुसदहून रुंद सीट मागवली. जनानी सीट म्हणतात. खाली दोन मोठ्या स्प्रिंगा, वर जाड गादी, रेक्झीन. बसल्यावर वाटलं, आता सुटले!

७ फेब्रु.
सुटले नाही. मांड्या घासतात. पातळाचा काठ स्प्रिंगमधे अडकून फाटला, पडता पडता वाचले. आणि गंमत अशी की गादी जितकी मऊ तितकी मी आत रुतते, आणि मधला भाग वर येऊन नेमका तिथेच टोचतो. कडक असो की मऊ, दुखायची जागा तीच.
आज ताप आहे थोडा. एक गळू झालंय. शेक घेते. उद्या तांड्यावर जायचं आहे. सोनी नावाची पोर, सातवा लागलाय, पायाला सूज. न जाऊन चालणार नाही.

९ फेब्रु.
करीमभाईंची बायको हमीदाबी आली, बाळाला खरूज म्हणून. खरूज थोडीच होती. मलम घेऊनही उठेना. मग म्हणाली, "बाई, हमारे ये पूछ रहे थे, गद्दी कैसी है. खुद पूछने को उनको शरम आती."
सांगितलं तिला. सगळं. नाव घेऊन, जागा दाखवून. कुणाला तरी पहिल्यांदा. ती पदर तोंडात धरून हसत सुटली, मग पदर सोडला. म्हणाली, "इतने दिन किसी को बोले नहीं? मरदों के वास्ते बनाते बाई गद्दी. उनको क्या मालूम नीचे कौन बैठता." मी हसता हसता रडले. तिने विचारलं नाही का रडता.

११ फेब्रु.
हमीदाबीने डोकं चालवलं. दुकानामागच्या अंगणात दार लावून, फळीवर चिखल थापला, कणकेसारखा मळलेला. वर ओलं फडकं. म्हणाली, बैठो, सायकल पे जैसे बैठते वैसे. बसले. उठले तर दोन खड्डे, वाटीएवढे, वाटलं होतं त्यापेक्षा किती लांब लांब. तिने सुतळीने अंतर घेतलं, दोन गाठी मारल्या. मग फळी उपडी करून चिखल लगेच मोडून टाकला.
करीमभाई पोत्याच्या पडद्यापलीकडे. सुतळी तेवढी त्यांच्याकडे गेली. जरा वेळाने तिकडून आवाज, "बाई, हड्डी पे बैठना चाहिए, गोश्त पे नहीं. पुरानी गद्दी देके जाओ."
एवढं साधं वाक्य. नर्सिंगच्या पुस्तकात कंबरेच्या हाडांचं चित्र आहे, पाठ केलंय मी. सायकलशी जोडलं नव्हतं.

२० फेब्रु.
सीट मिळाली. तीच सरकारी, चामड्याची. दोन दिवस भिजत ठेवून मागून रुंद ताणली, गाठीच्या मापाने. मधे लांब फट कापली आहे, वीतभर, दोन बोटं रुंद. कडा चपलेसारख्या दुमडून शिवल्या. खालून वादीने आवळलंय म्हणजे चामडं बसणार नाही. टोक अगदी किंचित खाली.
तांड्यापर्यंत चार मैल. नाल्यापाशीसुद्धा उतरले नाही. सोनीची सूज तपासताना लक्षात आलं की मी तिच्याकडे नीट बघते आहे. किती दिवस कुणाकडे नीट बघितलंच नव्हतं.

२२ फेब्रु.
आजही नाही दुखलं.

४ मार्च
होळीच्या सुटीत हे आले होते, तीन दिवस. आज गेले. पहिले दोन दिवस छान. पुरणपोळी जमली. अंगणात बसून जुन्या गोष्टी.
काल सायकल पुसत होते तर यांनी सीटवर बोट ठेवलं. "हे काय? फाटली?"
कापून घेतली, म्हटलं. का ते सांगितलं. नवराच आहे, सांगावं वाटलं. ऐकून घेतलं. मग, "त्या करीमला कसं कळलं कुठे कापायचं?"
त्याच्या बायकोने सुतळीने माप घेतलं, म्हटलं. त्याने सुतळी पाहिली फक्त.
"हूं."
रात्री जेवताना म्हणाले, "कुसुम, मे महिन्यापर्यंत बघू. मग राजीनामा दे. आईला मी अजून किती सांगणार?" रागाने नाही. दमलेल्या माणसाने सांगावं तसं. त्यांच्यावर चिडताही येत नाही धड.
आज बसथांब्यावर सायकल तेच चालवत घेऊन गेले, मी मागून चालत. उतरून म्हणाले, "मला तर टोचते ही." मी हसले. तेही. बस आली.

२९ मार्च
दिवस वर गेलेत. आठ.

६ एप्रिल
सोळा. सकाळी चहाचा वास नको झाला. मी रोज बायकांना विचारते ते सगळे प्रश्न स्वतःला विचारले. उत्तरं सगळी हो.
आनंद झाला का? झाला. पाठोपाठ सायकलकडे पाहिलं.
पुस्तकात सायकलबद्दल काही नाही. डॉक्टरसाहेबांना विचारलं तर तो कागद परत पुढे येईल, या वेळी मला नाही म्हणता येणार नाही. यांना कळवलं तर दुसऱ्या दिवशीच्या बसने न्यायला येतील. सा.बाई म्हणतील सायकल सोडल्याबरोबर झालं बघ. सोडली कुठेय. आणि मागच्यासारखं झालं तर...
फक्त हमीदाबीला सांगितलं. ती म्हणाली, "मैं तो नववें तक कुएँ से पानी भरी." मग, "पर मेरा पहले कोई गया नहीं था."

१० एप्रिल
सोनीचा सासरा धावत आला. "याडी, चाल, पोरीले कळा येऊन राह्यल्या, हात बाहेर आला." याडी म्हणजे आई. म्हातारा मला आई म्हणतो.
चालत दीड तास. सायकलने अर्धा. सायकलनेच गेले. सावकाश. दगड दिसला की उतरायचं, नाल्यात उतरायचं. सीट अजिबात टोचली नाही. टोचली असती तर एखादवेळी चालतच गेले असते.
मूल आत फिरवून काढलं. मुलगा. निळा होता, रडला. सोनी वाचली. तिथल्या बायकांनी माझ्या तोंडात गूळ घातला. येताना पोट धरून सायकल ढकलत आले, भर उन्हात चार मैल.
घरी येऊन आधी कडी लावली. पाहिलं. डाग वगैरे काही नाही.

१२ एप्रिल
काही नाही.
यांचं पत्र. रविवारी येताहेत. राजीनाम्याचा मजकूर स्वतःच लिहून ठेवलाय, मी खाली सही तेवढी करायची. ताजा कलम: आईने तुझ्यासाठी आवळ्याचा मुरांबा पाठवलाय. माझं सांगून झाल्यावर हे काय करतील? आनंदाने रडतील. त्यांचा रडलेला चेहरा मला आवडतो. तोच घरी घेऊन जाईल मला.
न सांगता ठेवलं आणि गेलं, तर सगळे म्हणतील सीट. मीही म्हणेन कदाचित. करीमभाईंच्या तोंडाकडे मग कशी बघू.
हे लिहितेय तोवर निरोप आला. पलीकडच्या वस्तीवर पहिलटकरीण, पाणी गेलंय. पाच मैल, सगळा रस्ता खडीचा. निरोप्या दारात उभा आहे, "बाई, येता ना?" म्हणतो. येते म्हटलं. पेटी भरून झाली, पातळ खोचून झालं.
चालत गेले तर उशीर होईल. किती, ते तिच्या कळांवर.