आजचा फोटो राहिला

चि. सलिल,

तुझी आई घरात नाही. तुझा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये असतो, म्हणून हे लिहून ठेवून तिला शोधायला निघालोय.

ती हरवली तर दाखवता यावा म्हणून रोज सकाळी अंगावरच्या साडीतला तिचा फोटो काढायला तू सांगितलं होतंस. आज फोनमध्ये जागाच उरली नव्हती. जुने कुठले पुसावेत ते बघत बसलो. एकात ती हसतेय. "रोज काय हो, नवरीसारखा फोटो?" म्हणाली होती. तेव्हा मला ओळखायची. एकही पुसवला नाही. मान वर केली, तर दार सताड उघडं.

मागे दिघीच्या बसथांब्यावर सापडली होती, आधी तिकडे जातो. माझ्यावर सोपवायलाच नको होतंस. पोलीस साडीचा रंग विचारतील. मला तो आठवत नाही.

— बाबा