एकावन्नावी चिझुरू

सेन्झाकी, ३ सप्टेंबर २०२४

चि. सेइगो यास मित्सुएताईचे अनेक आशीर्वाद.

ओबोनला, पितरांच्या सणाला, आलास, आईबाबांच्या थडग्यावर पाणी घातलंस, कलिंगड खाल्लंस. आपल्या कारखान्यात मात्र पाऊल टाकलं नाहीस. माशाचा वास येतो म्हणे! त्याच वासावर शिकलास. असो.

ऑक्टोबरपासून नवा कायदा येतोय. कंपनीच्या विम्यात एकावन्न माणसं झाली, की आठवड्याला वीस तास भरणाऱ्या अर्धवेळ बायकांच्याही पगारातून विमा-पेन्शन कापायचं. विम्यात आपण नेमके पन्नास. बायका नवऱ्यांच्या विम्यावर आहेत. कापाकापी होणार असेल तर तास कमी करू, असं तोंडावर सांगून गेल्या. मग डिसेंबरात नव्या वर्षाच्या लाल-पांढऱ्या कामाबोकोच्या, माशाच्या वड्यांच्या, फळ्या कोण भरणार? मंत्रालयातले साहेब येणार आहेत ॲप्रन बांधून?

त्यात चिझुरू. चौदा वर्षं अर्धवेळ, सुरीनं फळीवर माशाचा लगदा चढवतेय. नवरा गेला, आता विम्याला आधार कुणाचा? तिला कायम करायचं बाबांनी शेवटच्या दुखण्यात कबूल केलंय. ती कायम झाली की आपण एकावन्न! तू लोकांचे कर वाचवतोस ना? मग बहिणीलाही सांग काहीतरी.

तुझी,
ताई

फुकुओका, ९ सप्टेंबर

ती. ताईस सेइगोचा सा. न. वि. वि.

कामाबोकोची पेटी पोचली. तुझ्याच कंपनीच्या विमाकार्डावर डाव्या दाढेला टोपी बसवून घेतली, त्यामुळे चावताना तुझी आठवण येते.

रागावू नकोस, पण कायदा भावना मोजत नाही, डोकी मोजतो. पन्नासावर थांब. दोन वर्षांत कुणीतरी निवृत्त होईल, तोवर चिझुरूसानना दम धरायला सांग. समजूतदार आहेत त्या. आणि त्यांना घ्यायचंच असेल, तर ज्याचं काम सगळ्यांत कमी त्याला काढ. धंद्यात मन घट्ट करावं लागतं.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
सेइगो

सेन्झाकी, २० सप्टेंबर

चि. सेइगोस आशीर्वाद. (या खेपेला एकच.)

तुझं पत्र खिशात घालून चिझुरूकडे गेले. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, की बाईंनी अडचणीत येऊ नये, मोठ्या मालकांचं बोलणं ती विसरून जाईल. मनगटाला पट्टी बांधलेली, सुरी चालूच. मला त्या लगद्यात तोंड खुपसावंसं वाटलं. बाबांचा शब्द, आणि विसरायची जबाबदारी तिची!

मग मन घट्ट केलं. विम्याची यादी काढून बसले. एकोणपन्नास नावांना माशाचा वास. एकच नाव बिनवासाचं: संचालक सेइगो. वर्षभराचं काम, कागदांवर सहीच्या जागी दोन शिक्के. तेही मीच मारलेले, कारण तुझा शिक्का बाबांच्या वेळेपासून माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

परवा तिसरा मारला. तुझ्या राजीनाम्यावर.

एक तारखेपासून चिझुरू कायम आणि आपण पन्नासच. तुझाच सल्ला, अक्षरशः पाळला. हरकत असेल तर इथे येऊन घे, फळ्यांपाशी उभा राहून, तिच्यासमोर.

विमाकार्ड महिनाअखेर परत पाठव. उजवी दाढ दुखत असेल तर त्याआधी दाखवून घे.

लोभ आहेच. तो डोकी मोजून ठरत नाही म्हणून वाचलास.

तुझी,
ताई