सहाव्या पदाला

बेला, ४ मार्च १९८७

चि. भागीरथा हिस अनेक आशीर्वाद व जयभीम.

इकडे सारं ठीक. तुझा ताप उतरला का? निर्मलसारख्या लाकडी खेळण्यांच्या गावात राहून तूही लाकडी बाहुली झालीस वाटतं, पत्राला उत्तर म्हणून नाही.

आनंदाची गोष्ट. एक, त्यात अर्धा, मग एक तृतीयांश, एक चतुर्थांश, असं कितीही पुढं गेलं तरी बेरीज एका झटक्यात सांगणारं सूत्र मला सापडलं. सोबत पाठवलंय. एक ते शंभरची बेरीज एका ओळीत निघते, मग हिची का निघू नये, हा हट्ट मी बावीस वर्षं धरला. उटनूरची हेडमास्तरकी आली, तीही त्यापायी नको म्हटली. घर तुझ्या मायनं लोकांचा कापूस वेचून चालवलं. ती रोज विचारायची, जमलं का म्हणून. परवा पहिल्यांदा हो म्हणालो, तर लगेच शेजारच्या बयनाबाईला सांगून आली.

एकतीसला शाळेत माझा निरोप समारंभ. तिथं सूत्र फळ्यावर मांडणार आहे. तू कॉलेजात गणित शिकवतेस, एकदा तपासून दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा (देवाजी)

निर्मल, १५ मार्च

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

ताप गेला. हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं.

सूत्र पाच पदांपर्यंत बरोबर येतं. सहाव्याला चुकतं. मी त्याला एक तुकडा जोडला, तर सहावं जुळलं आणि सातवं चुकलं. पुढंही तेच. जितकी पदं तितके तुकडे, म्हणजे सूत्र बेरजेइतकंच लांब होत जातं. आमच्या विभागप्रमुख सरांना विचारलं. ते म्हणाले, जवळपासचं उत्तर काढता येतं, पण तुम्ही शोधता तसं नेमकं, आटोपशीर सूत्र असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

बाबा, फळ्यावर मांडू नका. मला फार वाईट वाटतंय. मायला जपून सांगा, आणि माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
भागीरथा

बेला, २ एप्रिल

चि. भागीरथा हिस आशीर्वाद.

तुझं बरोबर आहे. ताळा करा, ताळा करा म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलो, आणि स्वतः पाचाच्या पुढं ताळा केला नाही. जुळलं, याच्याच आनंदात होतो. समारंभात शाल घेतली, फळा कोराच ठेवला. बावीस वर्षं मातीत गेली, हे कुणाला सांगणार?

परवा समारंभाहून आल्यावर तुझ्या मायला सांगितलं, की ते सूत्र नाही आणि कधी नव्हतंच. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि एवढंच विचारलं, की मंग उद्यापासून तुमी काय करसान.

तुला काही सुचलं तर कळव.

तुझा,
बाबा