बटलरचे ओठ

हॉलिवूड, ४ ऑक्टोबर १९३६

ती. अ‍ॅडाताईस,
विल्फचा सा. न. वि. वि.

बर्नलीत धुकं आणि खोकला सुरू झाला म्हणतेस. इथे ऑक्टोबरातही मी काळ्या कोटात घामाघूम होतो. चित्रपटात पुन्हा बटलरचंच काम. दार उघडायचं, ट्रे धरायचा आणि गाडी आली म्हणून वर्दी द्यायची. बर्नलीच्या कापडगिरणीतला माणूस लॉर्डाच्या घरी इतका शोभतो कसा, म्हणून इथला इंग्रजांचा कंपू रविवारी क्रिकेट खेळताना माझी टर उडवतो.

मन मात्र थाऱ्यावर नाही. बसलो तर उठावंसं वाटतं आणि उठलो तर कुठे जायचं ते सुचत नाही. पुढच्या सप्टेंबरात माझा करार संपतो. स्टुडिओला मी आणखी सात वर्षं हवा आहे. आई सत्तरीला आली. सही केली तर तिला पुन्हा पाहीन की नाही, देव जाणे. सही न करता आलो आणि तिनं दार लावून घेतलं, तर तेलही गेलं, तूपही गेलं. तिचा एक शब्द मिळाला तर ठरवीन. काही म्हणते का गं माझ्याबद्दल?

तुझ्या मायेवर जगणारा,
विल्फ

बर्नली, २२ नोव्हेंबर १९३६

चि. विल्फ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायला बसले. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं मात्र, तिनं डोळे मिटले. मागांच्या खडखडाटात कान गेलेल्या बाईला ऐकायचं नसलं की एवढं पुरतं. तू गेल्यापासून हेच चाललंय. मुकादमाच्या हातापाया पडून तिनं तुला चार माग मिळवून दिले आणि तू न सांगता नाटक मंडळीबरोबर पसार झालास, हे ती काही विसरत नाही.

पण गंमत ऐक. शेजारच्या मागावरच्या पिलिंगकाकू तिला ओढतच सिनेमाला घेऊन गेल्या. त्यात तू आहेस हे मुद्दामच सांगितलं नाही. मीही गेले. नायिकेचा बाप मरतो, सगळं थिएटर मुसमुसतंय, आणि आमची विणकर बायकांची अख्खी रांग खो खो हसायला लागली. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला. त्या बिचाऱ्याला काय कळणार? तू मागे उभा राहून दुसऱ्या नोकराशी नुसते ओठ हलवत होतास. आवाज नव्हता, पण ओठांवरचं वाचणं हा तर गिरणीत आमचा रोजचा धंदा. बूट चावताहेत आणि हिरो कांदा खाऊन आलाय, असं तू त्या मेलेल्या माणसाच्या पायाशी उभा राहून सांगत होतास.

आई हसली नाही. पण तिनं डोळेही मिटले नाहीत. घरी आल्यावर म्हणाली, त्याला म्हणावं बूट मोठे घे, आणि गालफडं बसलीत, जेवतो की नाही तो? इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल ती एवढंच बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

प्रकृतीस जप आणि आम्हाला विसरू नकोस.
ताई

हॉलिवूड, १७ जानेवारी १९३७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. आजवर मागे उभा राहून काय काय बरळलोय कोण जाणे. दिग्दर्शक सांगतो, मागच्यांनी बोलल्यासारखं करा, ऐकू कुणाला जातंय? बर्नलीला ऐकू जातं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

परवा मी केलंच. मेजवानीचा प्रसंग होता. नायिका पियानोपाशी आणि मी तिच्या खांद्यामागे. सरळ कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि चार मागांपलीकडे सांगावं तसे ओठ पसरून आईला एक विचारलं. बटलरची दाढ दुखते का, म्हणून दिग्दर्शक खेकसला. मी हो म्हणालो.

काय विचारलं ते इथे लिहीत नाही. ते तिनंच वाचावं. तुकडा कापला गेला तर सगळंच मुसळ केरात. तुमच्याकडे चित्रपट पोचायला उन्हाळा सरेल, आणि तोवर माझं काही खरं नाही. घरी आलो तरी हातातला ट्रे खाली ठेवलाच नाही असं वाटत राहतं. पाहिलात की लगेच कळव.

वाट पाहणारा,
विल्फ

बर्नली, १२ सप्टेंबर १९३७

चि. विल्फ यास,
अ. उ. आ.

सही करू नकोस, अशी तार सकाळीच केली आहे. तारेत जे मावेना ते इथे लिहिते.

तुझा प्रसंग कापलेला नाही. आई, अजून राग आहे का, मी घरी येऊ का, असं तू एवढ्या मोठ्या पडद्यावरून विचारलंस. आमच्या रांगेतल्या सगळ्या माना आईकडे वळल्या. ती लालबुंद झाली. घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर मांडलीस, म्हणून आता उठून जाते की काय, या धास्तीनं मी तिची बाही धरून ठेवली. खेळ संपला, लोक उठले. ती उठली नाही, म्हणून आमच्यातली कुणीच उठली नाही. एकदा तिकीट काढलं की कितीही वेळ बसा, ही सोय त्या दिवशी कामी आली.

दुसऱ्या खेळाला तू पुन्हा आलास. आई ताठ बसली. पडद्याच्या उजेडात तिनं तोंड चांगलं मोठं उघडलं आणि आवाज न काढता तुला सांगितलं, ये. एवढं विचारायला इतकी वर्षं लागली होय रे तुला?

पिलिंगकाकूंनी डोळ्यांना रुमाल लावला, मग एकेक करत सगळ्याच रडायला लागल्या. पडद्यावर लोक केक फेकून एकमेकांना मारत होते. मॅनेजर पुन्हा बॅटरी घेऊन आला, आमच्याकडे बघत राहिला आणि काही न विचारता परत गेला.

वाटेत मी म्हटलं, विल्फला कळवते. तर म्हणाली, काही नको, मी सांगितलंय त्याला. मी समजावायला गेले, तर डोळे मिटून घेतले. म्हणून हे तिच्या नकळत लिहिते आहे. आज सकाळी तिनं तुझी खोली झाडली आणि गादीला ऊन दाखवलं. तिच्या हिशोबी तू निघाला आहेस. तेव्हा नीघ.

लोभ आहेच. उरलेला समोर बसून घे.
तुझी,
अ‍ॅडाताई